अवसरी बुद्रुक : पोरक्यांचा वांटा

पुणें जिल्ह्यांत एकाच नांवाचीं दोन दोन गांवें जागोजाग आढळतात, आणि त्यांपैकीं एकास बुद्रुक व दुसऱ्यास खुर्द म्हणण्याचा प्रघात आहे. हे शब्द फारसी दफ्तरांतून आपल्याकडे आले. बुजुर्ग म्हणजे वडील, खुर्द म्हणजे धाकटा. गांव वाढून दुभंगलें, म्हणजे मोठा भाग वडील ठरावयाचा व लहान भाग धाकटा. आंबेगांव तालुक्यांतील अवसरी हें असेंच दोघां भावांचें गांव आहे. केव्हां तरी वांटणी झाली, मध्यें शीव पडली, आणि तेव्हांपासून दोघेहि आपापल्या पांढरींत सुखानें नांदत आहेत. अवसरी बुद्रुकला आम्ही गेलों तें एका वांटणीच्याच कामासाठीं. निदान घरून निघतांना तरी आमची तशी समजूत होती.

काम आमचें नव्हतें. आमच्या परिचयाच्या एक बाई पुण्यांत शाळेवर मराठी शिकवितात. त्यांचें माहेर अवसरी बुद्रुकच्या एका शेतकरी घराण्यांतलें. त्या आठ वर्षांच्या असतांना, १९७९ सालीं, वडील वारले; पुढल्याच वर्षीं आई गेली. मागें त्या आणि पांच वर्षांनीं धाकटा भाऊ. सख्ख्या चुलत्यानें दोघांस पदरांत घेऊन आपल्या तिघां मुलांत मिसळून टाकलें, आणि घराबाहेरच्या माणसास हीं पांच मुलें कोणाकोणाचीं हें ओळखूं येऊं नये अशा रीतीनें वाढविलें. एवढी हकीकत आम्हांस पूर्वीपासूनच ठाऊक होती. नवीन गोष्ट घडली ती अशी. २०२५ सालीं महसूल खात्यानें 'जिवंत सातबारा' या नांवाची मोहीम काढली; मयत खातेदारांचे वारस लावावयाचे आणि ज्यांस कांहीं अर्थ उरला नाहीं असे जुने शेरे काढून टाकावयाचे, हा तिचा हेतु. त्या निमित्तानें बाईंनीं आपला सातबाराचा उतारा काढून पाहिला, तों त्यांच्या नांवाखालीं 'अ. पा. क.' अशीं तीन अक्षरें आणि पुढें चुलत्याचें नांव! अक्षरांचा अर्थ अज्ञान पालन कर्ता. तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांस शहाणें करणाऱ्या चोपन्न वर्षांच्या बाई सरकारदफ्तरीं अजून अज्ञानच होत्या. यांत दोष कोणाचा नाहीं. मूल सज्ञान झालें म्हणजे वयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो, आणि तो कोणी केलाच नव्हता.

शेरा काढावयास बाई गांवीं येणार असें कळतांच भावाचा निरोप आला. तो चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. "येतेसच, तर हक्कसोड पत्राचेंहि एकदां उरकून टाकूं," असा तो निरोप होता. बाई दोन दिवस कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं आमच्याकडे येऊन, सोबतीस याल का, असें त्यांनीं विचारलें. आम्ही उभयतां तयार झालों.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें राजगुरुनगर, पेठ असें करीत अवसरीचा घाट उतरला म्हणजे मंचर येतें. हें अंतर सुमारें साठ किलोमीटर आहे. मंचरच्या पेठेंत कांद्याबटाट्याचा व्यवहार मोठा. तेथून फुटणाऱ्या रस्त्यानें अवसरी बुद्रुककडे निघालें कीं दोहों बाजूंस ऊंस, मध्यें कांद्याचे वाफे, आणि घराघराशेजारीं कांद्याच्या चाळी दिसूं लागतात. घोड नदीवर डिंभें येथें धरण झालें व त्याच्या पाण्यानें या बाजूच्या शेतीचें रूप पालटलें. त्यासाठीं किंमतहि मोठी पडली; ज्या आंबेगांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें मूळ गांव त्याच जलाशयाच्या पोटांत गेलें. ऊंस वाढला तसा बिबट्याहि वाढला. मादी उंच ऊंसांत पिलें घालते, आणि तोडणी चालू झाली कीं तीं सांपडतात. अशा वेळीं वनखात्याचे लोक पिलें उचलून न नेतां त्याच जागीं ठेवतात व रात्रीं आई येण्याची वाट पाहतात. बहुतेक वेळां ती येते. ज्यांची आई येत नाहीं अशांसाठीं जुन्नरजवळ माणिकडोह येथें निवारा आहे. ही माहिती आमच्या मोटारचालकानें दिली. मागें बसलेल्या बाई तेव्हां खिडकीबाहेर पाहत होत्या.

डिंभ्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी मालाच्या मोटारीपुढें आडवा झालेला हा तरुण याच तालुक्यांतील म्हाळुंगे पडवळचा. त्याचा बाप तो लहान असतांनाच वारला. घरची शेती पोटापुरती नव्हती, म्हणून आईनें मुंबईची गिरणी गांठली व पुढें मुलगाहि तेथेंच गेला. त्याच्या मरणाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु बापाविना राहिलेलें शेतकऱ्याचें मूल गांव सोडून मुंबईस कां जातें, हा तिचा पहिला अध्याय फारसा कोणी वाचीत नाहीं.

घर गांवाच्या कडेला, मळ्यांतच होतें. तात्या, म्हणजे बाईंचे चुलते, ब्यायशीं वर्षांचे; अंगानें वाळलेले, पण ताठ. पुतणीस पाहतांच त्यांनीं "आलीस का, पोरी" एवढेंच म्हटलें आणि काकींनीं भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवणाआधीं तात्यांनीं आम्हांस शेत दाखविलें. प्रत्येक तुकड्यास नांव होतें. त्यांतल्या एका पट्टीस ते ज्या आडनांवानें ओळखत होते त्या आडनांवाचें माणूस गांवांत आज एकहि नाहीं. "मग हें नांव कुठलें?" असें आम्हीं विचारलें. "जुनं हाय. कवाचं, ते कोणाला ठावं?" असें त्यांनीं उत्तर दिलें.

येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. पेशवाईंत देशावरील गांवांची काळी थळांत वांटलेली असे, आणि थळ ज्या मूळ घराण्याचें त्याच्या नांवानें तें ओळखलें जाई. घराणें बुडालें तरी थळाचें नांव बुडत नसे. ज्याची मिरास तो मिरासदार. दुष्काळ, स्वारी किंवा कर्ज यांपायीं तो परागंदा झाला तर त्याची जमीन दुसऱ्यास लावून देत. पण तो किंवा त्याचा मुलगा परत आला म्हणजे आपली मिरास मागूं शके. वंशच खुंटला तर ती जमीन गतकूळ म्हणून लिहिली जाई. इंग्रजी अंमल बसला तेव्हां माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८१९ सालच्या अहवालांत आणि डॉक्टर कोट्स यांनीं पुण्याजवळच्या लोणी गांवाच्या वर्णनांत या मिराशीची नोंद मोठ्या कुतूहलानें केली आहे.

अशा व्यवस्थेंत पोरक्या मुलाचें काय होई? त्याचा वांटा निराळा काढून कोणी स्वतंत्र पालक नेमावा असा प्रसंगच सहसा येत नसे. घर एकत्र, चुलता कर्ता. मूल घरांत वाढे आणि त्याचा वांटा घराच्या पोटांत. तंटा उपस्थित झालाच तर गोतसभा बसे, उभयतां आपापले करीने सांगत, पाटील, कुळकर्णी, बलुते व शेजारच्या गांवचे वतनदार साक्ष देत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. आमच्या शास्त्रकारांस मात्र चुलत्याची नियत नेहमींच शुद्ध राहील असा भरंवसा नव्हता. अज्ञान मुलाचें द्रव्य तो व्यवहारास योग्य होईपर्यंत गांवच्या वृद्धांनीं वाढवावें, असें कौटिल्यानें सांगितलें आहे. नुसतें राखावें असें नव्हे, वाढवावें! मनूनें तेंच काम राजाकडे सोंपविलें. हीं वचनें वाचून धन्यता मानावी असें कोणासहि वाटेल. परंतु ज्या अर्थीं तीं लिहावीं लागलीं, त्या अर्थीं मुलांचें द्रव्य नाहींसें होत असलें पाहिजे.

याच अठराव्या शतकांत अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया, मेरीलँड या वसाहतींत शेतकऱ्यांच्या पोरक्या मुलांसाठीं निराळें न्यायालयच होतें. त्याचें नांव 'पोरक्यांचें न्यायालय', आणि त्या दोन राज्यांत तें नांव आजतागायत चालू आहे. आई जिवंत असली तरी बाप मेला कीं कायद्यानें मूल पोरकें, कारण शेत बापाचें. विधवेस तिसरा हिस्सा. पेन्सिल्व्हेनियांत मृत्युपत्र नसल्यास वडील मुलास १७९४ पर्यंत दुप्पट वांटा मिळे. शेताचे तुकडे होऊं नयेत म्हणून त्याची किंमत ठरवून तें एका मुलास देत व त्यानें इतरांस पैसे चुकते करावे असा हुकूम होई. चौदा वर्षांच्या मुलास आपला पालक स्वतः निवडतां येई. पालकास जामीन द्यावा लागे आणि पै न् पैचा हिशेब न्यायालयांत मांडावा लागे. हें सर्व वाचून मन थक्क होतें. मात्र ज्या मुलास वांटाच नाहीं, त्यास करारानें परक्याच्या घरीं कामास बांधून देत. तेथें राबावें, कसब शिकावें आणि वयांत आल्यावर बाहेर पडावें. हिशेब चोख, पण रात्रीं जवळ निजावयास आपलें माणूस नाहीं.

आमच्याकडे याच्या उलट झालें. अवसरीपासून फार दूर नसलेल्या पाबळास मस्तानीची कबर आहे. तें गांव तिला इनाम होतें. १७४० सालीं प्रथम बाजीराव व पाठोपाठ मस्तानी गेली, तेव्हां मुलगा समशेरबहादर सहा वर्षांचा होता. ज्या घरानें आईस कधीं आपली म्हटलें नाहीं, त्याच पेशव्यांच्या घरांत तो वाढला, बुंदेलखंडांतील मुलुखांत त्याचा वांटा मान्य झाला, आणि १७६१ सालीं पानिपतावर त्याच घरासाठीं लढतांना जखमी होऊन त्यानें पुढें प्राण सोडला. मोठ्यांच्या गोष्टी मोठ्या. पण मूल टाकावयाचें नाहीं हा दंडक वाड्यापासून खोपटापर्यंत एकच होता. आपल्या काळांतहि ३० जुलै २०१४ रोजीं याच तालुक्याच्या पश्चिम टोकास माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं, तेव्हां बाहेरगांवीं असल्यामुळें वांचलेल्यांस मामा, आत्या, चुलते यांचींच घरें प्रथम उघडीं झालीं. न्यायालय आणि कचेरी मागाहून आली.

जेवणें झाल्यावर पडवींत बैठक बसली. भाऊ चाकणहून आला होता. वागण्यांत अदब, पण पिशवींत वकिलाकडून लिहवून आणलेला कागद होता. जमीन आज एकंदर आठ एकर आहे. तात्या आणि बाईंचे वडील असे दोघेच भाऊ, तेव्हां निम्मी म्हणजे चार एकर या दोघां भावंडांची, ही गोष्ट सर्वांस मान्य. प्रश्न त्या चार एकरांचा होता. १९५६ च्या वारसा कायद्यानें मुलीला मुलाबरोबर हक्क नव्हता. बापाचा व मुलाचा वांटा आधीं मनांतल्या मनांत करावयाचा आणि मग बापाच्या तेवढ्याच वांट्यांत मुलीनें भाऊबरोबर अर्धें घ्यावयाचें. रुपयांत सांगावयाचें तर सबंध जमिनींत भावास सहा आणे व बहिणीस दोन आणे. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतःच मुलासारखी हिस्सेदार झाली. आणि बाप आधींच वारलेला असला तरी तिचा हक्क जात नाहीं, तो मनांतल्या मनांत केलेला वांटा म्हणजे खरी वांटणी नव्हे, असा निर्वाळा ऑगस्ट २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिला. म्हणजे चार आणे भावास, चार आणे बहिणीस. एका एकराचे दोन एकर झाले! भावाची घाई कशामुळें होती हें आम्हांस तेव्हां उमगलें. आमच्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळींनीं असल्या कागदावर सही केली असेल. साडीचोळी येते, दिवाळीस बोलावणें येतें, आणि माहेर शाबूत राहतें. सही न केल्यास तें राहतें कीं नाहीं याची परीक्षा घेण्याचें धैर्य फार थोड्यांस होतें.

परंतु बाईंनीं बोलण्यास आरंभ केला तो दुसरीकडूनच. त्या म्हणाल्या, "तात्या, विहिरीजवळची वीस गुंठ्यांची पट्टी सातबाऱ्यावर दिसत नाहीं. ती कुठें गेली?"

पडवींत कोणी बोलेना. काकी आंत निघाल्या होत्या त्या उंबऱ्यांतच थांबल्या.

तात्या म्हणाले, "इकली. नव्वद साली. तुज्या लग्नाला."

"मला कधीं सांगितलं नाहींत."

"सही केलीस की तू. लग्नाच्या आठवड्यात कचेरीत नेली व्हती तुला."

बाईंस आठवलें. हळदीच्या आदल्या दिवशीं कचेरींत नेऊन एका कागदावर त्यांची सही घेतली होती. तो लग्नाचाच कांहीं कागद असावा असें त्यांस पस्तीस वर्षें वाटत आलें होतें.

धर्मशास्त्र आणि कायदा या ठिकाणीं बहुतांशीं चुलत्याच्या बाजूचे आहेत. घरच्या मुलीचें लग्न ही कुटुंबाची गरज, आणि गरजेसाठीं कर्त्यानें केलेली विक्री सर्वांस बांधते. गरज खरी असेल तर अज्ञानाच्या वतीनें झालेला व्यवहार टिकतो, हें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें हनुमानप्रसाद यांच्या खटल्यांत १८५६ सालींच ठरविलें. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यांत चुलता हा मुलाचा नैसर्गिक पालक नाहींच. बाप, आणि बापामागें आई, एवढेच पालक. पण एकत्र कुटुंबांतील अज्ञानाचा वांटा घरचा प्रौढ माणूस सांभाळीत असेल तर त्यावर निराळा पालक सहसा नेमूं नये, असेंहि तोच कायदा म्हणतो. म्हणजे पालक या नात्यानें तात्या कोणीच नव्हते आणि कर्ता या नात्यानें सर्व कांहीं होते. शिवाय कर्त्यानें लबाडी केली नसेल तर वांटणीच्या वेळीं मागील सालांचा हिशेब त्यास विचारतां येत नाहीं. अमेरिकेंतल्या शेतकऱ्यास जो हिशेब न्यायालयांत मांडावा लागे, तो आमच्या तात्यांस सेहेचाळीस वर्षांत एकदांहि कोणी मागितला नव्हता.

आम्हांस हें खुपतें, आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं. तात्या सज्जन आहेत. पण शेजारच्या घरांतला चुलता सज्जन असेलच असें नाहीं, आणि दोघांच्या सातबाऱ्यावर अक्षरें तींच तीन असतात. माया असली म्हणजे वही नको, ही समजूत मायेनें केलेली नसून सोयीनें केलेली आहे.

हें आम्ही मनांत म्हणत असतांना काकी उंबऱ्यांतून म्हणाल्या, "इसाब मागत्यात व्हय पाव्हणं? किती भाकरी थापल्या ती वही मी ठिवली न्हाई." आम्ही तोंडानें अवाक्षर काढलें नव्हतें, तरी ते शब्द आम्हांसच लागले.

बाई उठून काकींजवळ गेल्या. म्हणाल्या, "काकी, मी हिशेब मागत नाहीं. सांगायला हवं होतं, एवढंच म्हणतें. मी नको म्हटलं असतं. लग्न साधं केलं असतं."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," तात्या म्हणाले.

भावानें पिशवींतला कागद काढून पुढें ठेवला होता. त्याची धिटाई म्हणावी कीं भोळेपणा, तो म्हणाला, "मग ताई, ते वीस गुंठे तुझ्या वांट्यांत धरले तर..." तात्यांनीं हात वर केला. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते माज्या वांट्यातनं गेलं. माज्या निम्म्यात धर. पोरीचं लगीन घरानं केलं, तिनं न्हाई." नव्वद सालीं जमीन साडेआठ एकर होती, ती सवाचार अधिक सवाचार अशी धरली, तर तात्यांस आज पावणेचारच एकर उरतात. म्हणजे निम्म्याचा जो हिशेब सर्वांनीं सकाळपासून गृहीत धरला होता, तोच तात्यांनीं आपल्या अंगावर घेऊन मोडला. त्यांचीं स्वतःचीं तीन मुलें त्या वेळीं घरांत नव्हतीं. तीं यास काय म्हणतील, हें विचारणें आमचें काम नव्हतें.

बाईंनीं भावाच्या कागदाची घडी घालून तो त्याच्या हातांत दिला. "हें आज नको," त्या म्हणाल्या. "मी कसायला येणार नाहीं. पण माझं नांव राहूं दे." भाऊ रागावला, हें दिसत होतें, बोलला मात्र कांहीं नाहीं. भाऊबीज दोन महिन्यांवर होती.

मग आम्ही सर्व तलाठ्याकडे गेलों. अर्ज, आधार पत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि रकान्यांत सह्या. काम पाव तासांत झालें. पुढें रीतसर नोटीस निघून फेरफार मंजूर व्हावयाचा. तात्या काठी टेकून बाकावर बसले होते. कारकून बाईंस समजावून देत होता कीं आतां तुमच्या नांवाखालची ओळ जाईल व फक्त तुमचें नांव राहील. तें ऐकून तात्यांनीं मान वर केली.

"म्हंजे माजं नाव तिच्या नावाखालनं काढनार?"

"होय आजोबा. आतां त्या सज्ञान झाल्या."

तात्यांनीं कांहीं वेळ विचार केला. "काडा," ते म्हणाले, आणि जरा थांबून पुतणीस म्हणाले, "छेचाळीस वर्सं व्हतं तिथं."

परत घरीं चहा झाला. निघतांना काकींनीं मोटारींत कांद्याची एक गोणी चढविली व निम्मी आमची, निम्मी पोरीची असें बजावलें. मंचर येईपर्यंत बाई बोलल्या नाहींत. घाट चढूं लागल्यावर त्यांनीं आमच्या घरांतून विचारलें, "वीस गुंठ्यांत तेव्हां किती कांदा निघत असेल हो?" त्याचें उत्तर आम्हां दोघांपैकीं कोणासच देतां आलें नाहीं.